लोहगावला सामानाच्या पट्ट्यापाशी आवडता खेळाडू दिसला तर

पुण्यातल्या कोथरूडच्या एका वडिलांचा प्रश्न आहे. त्यांची बारा वर्षांची मुलगी शाळेच्या फुटबॉल संघात लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूची बचावपटू, म्हणून खेळते. मागच्या महिन्यात लोहगाव विमानतळावर तिचा आवडता खेळाडू, भारतीय संघातला एक बचावपटू, सामानाच्या पट्ट्यापाशी चार हातांवर उभा होता. मुलगी जागच्या जागी गोठली. वडिलांनी मोबाईल काढून कॅमेरा सुरू करेपर्यंत तो ट्रॉली ढकलत बाहेर पडला. घरी येऊन मुलगी रडली. पुन्हा असं झालं तर काय करायचं, काय बोलायचं, आणि संघ उतरलेल्या हॉटेलबाहेर थांबणं बरं दिसतं का, असं त्यांनी विचारलं आहे.

आय-लीग ही देशातली मुख्य फुटबॉल लीग होती त्या दिवसांपासून मी पुण्यात टीम लायझनचं काम केलं. पाहुणा संघ विमानातून उतरल्यापासून परत चढेपर्यंत त्यांची बस, खोल्या, धुण्याचे कपडे, सरावाची वेळ, बर्फाच्या लाद्या, सगळं बघायचं. खेळाडू आणि चाहते समोरासमोर येतात तेव्हा मधे उभा असतो तो माझ्यासारखा माणूस. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मुलीला सांगा की तिचं काहीही चुकलेलं नाही. तिने त्याला ओळखलं. त्या पट्ट्याभोवती शे-दीडशे माणसं असतील, त्यांतल्या किती जणांनी ओळखलं? भारताकडून कित्येक सामने खेळलेला माणूस पुण्यात कॉफीच्या रांगेत उभा असतो आणि मागचा त्याला म्हणतो, "जरा पुढे सरका ना." हे मी एकदा नाही, वीसदा पाहिलंय. आपल्याकडे अशा भेटी हुकतात त्या बहुतेक वेळा खेळाडू समोर असूनही चेहरा माहीत नसल्यामुळे. मेस्सी आणि रोनाल्डो झोपेत ओळखतील अशी मुलं आपल्या भारतीय संघाचा राइट बॅक शेजारी बसला तरी ओळखत नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं. कारण मेस्सी तुम्हाला पट्ट्यापाशी भेटणार नाही. डिसेंबर २०२५ मध्ये तो कोलकात्यात आला तेव्हा सॉल्ट लेक स्टेडियममध्ये त्याच्याभोवती इतकी माणसं होती की महागडी तिकिटं काढून बसलेल्यांनाही तो धड दिसला नाही आणि शेवटी खुर्च्या-बाटल्या मैदानात पडल्या. भेटणार ते हेच, आपले.

पुण्याचं नशीब एके काळी फार चांगलं होतं. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरी आली. त्या संघात अराता इझुमी होता. वडील भारतीय, आई जपानी, आणि भारताकडून खेळता यावं म्हणून त्याने जपानचं नागरिकत्व सोडलं. भारताचा आघाडीपटू, मिझोरमचा जेजे लालपेखलुआ याच क्लबकडून खेळला. मग २०१४ मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, सुरू झाली आणि एफसी पुणे सिटीत दाव्हिद त्रेझेगे आला. २००० सालच्या युरो, म्हणजे युरोपियन देशांच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध गोल्डन गोल (जादा वेळेत सामना तिथेच संपवणारा गोल) मारून फ्रान्सला जिंकून देणारा माणूस बालेवाडीत खेळत होता! त्याच्या बरोबर २००४ चा युरोविजेता ग्रीसचा कात्सुरानिस. पुढच्या वर्षी रोमानियाचा आद्रियान मुतू, तुर्कीचा तुन्जाय आणि आयव्हरी कोस्टचा दिदिए झोकोरा, आणि प्रशिक्षक इंग्लंडचा डेव्हिड प्लॅट. त्याच्या पुढच्या वर्षी मालीचा मोहम्मद सिसोको. बालेवाडीच्या स्टेडियमला ॲथलेटिक्सचा ट्रॅक आहे, त्यामुळे गॅलरीतून खेळाडू लांब दिसतो. जवळून बघायचं तर गेटवर, बसपाशी किंवा हॉटेलच्या दारातच. २०१९ मध्ये तो क्लब बंद झाला, त्याची जागा हैदराबादने घेतली, आणि ते दिवस संपले. मला अजून चुकल्यासारखं वाटतं. पण संघ गेला तरी माणसं येतात-जातात. लग्नाला, शिबिराला, अकादमीच्या कामाला, मुंबईचा सामना उरकून एक्स्प्रेस-वेने घरी जाताना.

आता तो पट्टा. तुम्हाला कल्पना नसेल, पण अख्खा संघ प्रवास करत असेल तर अचानक भेटण्यासाठी त्याहून चांगली जागा नाही. संघाबरोबर तीस-पस्तीस माणसं आणि त्याहून जास्त नग सामान असतं. बुटांच्या पेट्या, चेंडूंच्या जाळ्या, फिजिओचं मसाज टेबल. किट मॅनेजर एकेक नग मोजून घेतो आणि शेवटचा नग येईपर्यंत कुणाला हलू देत नाही. म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं खेळाडू नुसते उभे असतात. तेव्हा ना मीटिंग असते, ना सराव, ना जेवण. असा संघ भेटला तर तुमच्या मुलीकडे काही सेकंद नव्हे, चांगली वीस मिनिटं असतील! खेळाडू एकटा प्रवास करत असला तरी बॅग येईपर्यंतचा वेळ असतोच. घाई करायचं कारण नाही. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, तेव्हा धावपट्टीच्या बाजूला कॅमेरा रोखू नका, आणि सुरक्षारक्षक नको म्हणाला तर वाद घालू नका. एवढंच पथ्य.

ओळखायचं कसं? संघाच्या ट्रॅकसूटवर किंवा सरावाच्या टी-शर्टवर छातीशी बहुधा छोटा आकडा असतो. धुण्यात कपडे मिसळू नयेत म्हणून तो छापतात, आणि तो बहुतेक वेळा त्याच्या जर्सीचाच नंबर असतो. प्रशिक्षक मंडळींच्या कपड्यांवर आकड्याऐवजी नावाची अक्षरं असतात. संघाची यादी मुलीला पाठ असेल तर पाच सेकंदांत कळतं. आणि चेहरा बघताना सामन्याचे फोटो बघू नका, त्यात सगळे घामाने भिजलेले, तोंड वाकडं केलेले. सरावाचे व्हिडिओ बघा. माणूस चालतो कसा, उभा राहतो कसा, हे त्यात दिसतं.

एक प्रसंग सांगतो, कारण माझं म्हणणं त्यात सगळं आलं. बालेवाडीजवळच्या एका हॉटेलात संघ उतरला होता. सामना दुसऱ्या दिवशी. संध्याकाळी संघाचा राखीव गोलकीपर, गोव्याचा पोरगा, माझ्याबरोबर चौकातल्या फळवाल्या मावशींकडे केळी घ्यायला आला. त्या हंगामात तो एक मिनिटही मैदानात उतरला नव्हता. रस्त्यापलीकडे हॉटेलच्या दारात एका परदेशी खेळाडूभोवती घोळका जमला होता, मोबाईल वर केलेले. त्या घोळक्यातून दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा वडिलांचा हात धरून आमच्याकडे आला. वडिलांना वाटलं केळी हवीत. मुलगा गोलकीपरकडे बघत म्हणाला, "दादा, मागच्या मॅचला वॉर्म-अपमध्ये तुम्ही सगळे शॉट एका हाताने डावीकडे काढत होता. मुद्दाम का?"

तो गोलकीपर हातातला घड तसाच धरून उभा राहिला. मग त्याने घड मावशींच्या गाडीवर ठेवला आणि फुटपाथच्या कडेला उकिडवा बसला. म्हणाला, उजव्या मनगटाला पट्टी होती, म्हणून. कोंकणीतून मराठीत, मराठीतून हिंदीत येत-जात बोलत होता. मग त्याने मुलाचे दोन्ही हात स्वतःच्या हातांत घेतले, अंगठे एकमेकांजवळ आणले, बोटं पसरली, डब्ल्यू अक्षरासारखी, आणि म्हणाला, चेंडू छातीच्या वर आला की हात असे, नाहीतर अंगठ्यांच्या मधून निसटतो. मुलाने तसे हात धरले. त्याने मावशींच्या गाडीवरचं एक मोसंबं उचलून हळूच त्याच्या हातांत टाकलं. पुन्हा टाकलं. पाच-सहा वेळा. वडील बाजूला उभे राहून बघत होते, खिशातला मोबाईल त्यांनी काढला नाही. परत चालत येताना गोलकीपर मला एवढंच म्हणाला, "त्याने बघितलं होतं." हॉटेलच्या दारापर्यंत दुसरं काही बोलला नाही.

त्या मुलाला एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते वाक्य त्याच्याशिवाय दुसरं कुणी बोललं नसतं. "मी तुमचा मोठा फॅन आहे" हे खेळाडू दिवसातून तीसदा ऐकतो. "मेस्सी की रोनाल्डो?" हे तर कुणालाच विचारू नका, समोर उभा आहे त्याचा तो अपमान आहे. तुमच्या मुलीचा आवडता खेळाडू बचावपटू आहे, म्हणजे काम आणखी सोपं. बचावपटूंशी त्यांच्या खेळाबद्दल कुणी बोलतच नाही. अमुक सामन्यात शेवटच्या पाच मिनिटांत तुम्ही गोललाइनवरून चेंडू काढलात, एवढं तिने म्हटलं तरी तो थांबेल. नाव नीट उच्चारायला शिकवा, हे विशेषतः मिझोरम आणि मणिपूरच्या खेळाडूंसाठी सांगतो. त्यांना पुण्यात रस्त्यावर "नेपाळचा का?" असं विचारलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आणि त्या वेळी त्यांच्या अंगावर भारताचा ट्रॅकसूट होता. अशा वेळी पूर्ण नाव घेऊन हाक मारणारं एखादं मूल समोर आलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

मोबाईलबद्दल मी कडक आहे. फोटो मागू नये असं नाही, जरूर मागा, पण बोलणं झाल्यावर आणि विचारून. तुमच्या बाबतीत झालं ते उलटं झालं. माणूस समोर होता आणि तुम्ही कॅमेरा शोधत होता. पुढच्या वेळी मोबाईल खिशात राहू द्या आणि मुलीचा हात धरून दोन पावलं पुढे जा. गोठलेल्या मुलाला तेवढा आधार पुरतो. तुम्ही फक्त "नमस्कार, हिला तुमच्याशी बोलायचंय" म्हणा आणि गप्प राहा. तिच्या वतीने बोलू नका. पालक इथेच चुकतात, मूल तोंड उघडायच्या आत त्याचा सगळा बायोडेटा सांगून टाकतात.

आणि फोटो लगेच टाकू नका. एकदा सामन्याच्या दोन दिवस आधी एका कुटुंबाने हॉटेलच्या लॉबीत मधल्या फळीतल्या एका खेळाडूबरोबर सेल्फी घेतला. साधी, चांगली माणसं. फोटोत खालच्या कोपऱ्यात त्याचा डावा पाय दिसत होता आणि घोट्याला फिजिओने चढवलेला काळा आधाराचा बूट. तो खेळणार नाही हे संघाबाहेर कुणालाही माहीत नव्हतं. रात्री फोटो पसरला. दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषदेत पहिलाच प्रश्न त्या घोट्याचा. प्रतिस्पर्ध्यांनी त्यांची डावी बाजू मोकळी सोडून सगळा जोर दुसरीकडे लावला असेल-नसेल, ते सोडा, पण खेळाडूला बोलणी बसली आणि त्या दिवसापासून लॉबीत चाहत्यांना बंदी झाली. पुढचे तीन महिने जी मुलं आली ती सगळी दारातून परत गेली, आणि त्यांना परत पाठवणारा मी होतो. संघ शहर सोडून गेल्यावर फोटो टाका, एक-दोन दिवसांनी काही बिघडत नाही.

अंगाला हात लावणंही जपून. खांद्यावर थाप मारायची आपल्याला सवय आहे. पण टी-शर्टखाली काय काय पट्ट्या असतात ते दिसत नाही. खांदा निखळून जेमतेम बरा झालेल्या एका खेळाडूला सेल्फीसाठी एकाने गळ्यात हात टाकून ओढलं, आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला. हात पुढे आला तर मिळवा, नाहीतर नमस्कार करा. परदेशी खेळाडूंनाही नमस्कार आवडतो.

खायला काही देऊ नका. हे पुण्यात समजावून सांगताना माझा घसा बसायचा, कारण लोक प्रेमाने घरचे लाडू, बाकरवडी घेऊन यायचे. उत्तेजक चाचणीचा नियम असा की शरीरात बंदी असलेलं काही सापडलं तर ते कुठून आलं, कुणी दिलं याला फारसा अर्थ उरत नाही, जबाबदार तोच. म्हणून अनोळखी हातचं पाणीसुद्धा ते पीत नाहीत. तुमचा डबा तो हसून घेईल आणि बसमध्ये चढल्यावर माझ्याकडे देईल. ते लाडू खाताना मला दर वेळी अपराधी वाटायचं.

याच चाचणीमुळे एक गोष्ट मला कळली. सामना संपल्यावर काही खेळाडूंना चाचणीसाठी थांबवतात. लघवीचा नमुना किमान ९० मिलिलिटर लागतो, आणि नव्वद मिनिटं धावून अंगातलं पाणी आटलेल्या माणसाला तो देता देता तास-दीड तास लागतो. तोवर संघाची बस निघून जाते, गर्दी पांगते, स्टेडियमचे दिवे एकेक करून मालवतात. मग तो खेळाडू एकटा, हातात पाण्याची बाटली घेऊन, मागच्या गेटने बाहेर येतो आणि माझ्या गाडीची वाट बघतो. त्या वेळी गेटवर जी दोन-तीन मुलं उरलेली असायची त्यांना मिळालेल्या भेटी आयुष्यभर पुरतील अशा आहेत. पराभव झाला असेल तरी तासाभरात मन थोडं शांत झालेलं असतं. बस लागलेली असताना, हेडफोन कानात घालून संघ चढत असतो तेव्हा मात्र हाक मारू नका. सामन्याच्या तीन-साडेतीन तास आधी जेवण, मग मीटिंग, आणि दीड तास आधी मैदानावर पोचणं, अशी ती साखळी असते. त्या साखळीत मधे शिरलेला माणूस त्यांना दिसतही नाही.

हॉटेलबाहेर थांबावं का? दाराबाहेर, दोरीच्या या बाजूला, बस निघण्या-येण्याच्या वेळेला थांबायला माझी हरकत नाही. टीम मॅनेजरला आधी विचारलं तर तोच कधीकधी एखाद्याला बोलावून आणतो. पण लिफ्टपाशी, नाश्त्याच्या टेबलावर, जिममध्ये नाही. खोलीचा नंबर काढणं तर अजिबात नाही. मूल बरोबर असेल तर तुम्ही सतत त्याच्याजवळ, कुणीही "या आत" म्हणालं तरी एकट्याला पाठवायचं नाही. आणि दुचाकीवरून बसचा पाठलाग करू नका. हायवेच्या सर्व्हिस रोडवर दोन मुलं आमच्या बसच्या खिडकीकडे बघत पडलेली मी पाहिली आहेत. एकाचा हात मोडला. बसमधले खेळाडू त्या रात्री जेवले नाहीत.

सहीसाठी चांगला परमनंट मार्कर हवा, बॉलपेन चालत नाही. जर्सीवर सही घेताना आत जाड पुठ्ठा सरकवा आणि कापड दोन्ही बाजूंनी तुम्ही ताणून धरा, नाहीतर शाई पसरते. छापलेल्या नंबरावर घेऊ नका, काही दिवसांत पुसून जाते, साध्या कापडावर टिकते. मुलीच्या बॅगेत एक मार्कर कायम ठेवून द्या.

राहिला प्रश्न, आता पुण्यात कुठे. आयएसएलचा संघ नाही हे खरं. पण एसएसपीएमएसच्या (श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या) मैदानावर जिल्हा लीगचे सामने होतात, तिथे दोरीला टेकून उभं राहिलं की शेजारी आय-लीग खेळलेला माणूस निघतो, कारण निवृत्त झालेले बरेच जण इथेच अकादम्यांत शिकवतात. मुंबईत अंधेरीच्या मैदानावर सामना असेल तर जा. २०१८ च्या जूनमध्ये तिथे भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवलं आणि बघायला अडीच हजारांच्या आसपास माणसं होती. तेव्हाचा कर्णधार सुनील छेत्रीने व्हिडिओ टाकून लोकांना हात जोडले, शिव्या द्या पण स्टेडियममध्ये येऊन द्या म्हणाला. तीन दिवसांनी केनियाविरुद्ध, त्याच्या शंभराव्या सामन्याला, स्टेडियम भरलं. आम्हीही पुण्याहून दोन गाड्या करून गेलो होतो. परतताना एक्स्प्रेस-वेच्या फूड मॉलवर रात्री बारा वाजता आमच्यातलं एक पोर निळ्या जर्सीत वडापाव खात उभं होतं. शेजारच्या टेबलावरच्या उंच माणसाने त्याला विचारलं, "मॅचला होतास?" तो कोण होता हे आमच्यातल्या फक्त त्या पोराला कळलं.

शेवटचं, आणि हे मुलीलाच सांगा. तिने "मी पण लेफ्ट बॅक खेळते" म्हटलं की तो पुढे काय विचारेल ते मला आत्ताच माहीत आहे, कारण फुटबॉलवाली माणसं मुलांना सगळ्यात आधी हेच विचारतात: डावा पाय की उजवा? तिचा पाय उजवा असेल तर पुढचा प्रश्न येईल, मग डाव्या बाजूने क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर चेंडू, कसा टाकतेस. याचं उत्तर तिने तयार ठेवावं. खोटं नको, जसं खेळते तसं. एकदा हे बोलणं सुरू झालं की बॅग पट्ट्यावरून दोनदा फिरून गेली तरी त्याच्या लक्षात येणार नाही.